उघडं लोखंड

ॲक्सिलरेटरची केबल गरम होती. रविवारची सकाळ, सव्वाअकराचा सुमार, गाडी बंद पडून मिनिटही झालं नव्हतं. मी बॉनेटखाली हात घालून पेट्रोलची नळी चाचपत होते तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांना चटका बसला. आधी वाटलं, इंजिनला हात लागला. पण इंजिन वीतभर लांब होतं. चटका दिला होता त्या बारीक काळ्या केबलनं, जी पायाखालच्या पेडलपासून निघून कार्बोरेटरपर्यंत जाते आणि जिचं काम फक्त ओढलं जाण्याचं असतं. ओढल्या जाणाऱ्या दोरीला गरम व्हायचं काही कारण नाही. मी पुन्हा हात लावला, या वेळी मुद्दाम, आणि सोसवेल तितका वेळ ठेवला. केबलचं प्लॅस्टिकचं वेष्टण एका जागी मऊ झालं होतं आणि तिथं तपकिरी डाग पडला होता. मी तीस वर्षं प्रयोगशाळेत काम करते. नको तिथं आलेली उष्णता ही माहिती असते, एवढं मला कळतं.

"काय झाला गो?" बाबांनी विचारलं. ते गाळ्याच्या शटरजवळ लोखंडी स्टुलावर बसले होते, गेले चौदा रविवार बसत होते तसेच, पाठ सरळ, दोन्ही हात मांड्यांवर उपडे ठेवून. उपडे ठेवले की हातांचा कंप कमी दिसतो.

"काही नाही. इंजिन तापलंय."

एका मोजमापावर निष्कर्ष सांगायचा नाही, ही माझी जुनी सवय. त्या वेळी तरी माझ्या उत्तराचं कारण तेवढंच होतं.

गाडी माझ्या भावाची, सुशांतची. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. कोइमतूरचा एक माणूस अशा गाड्यांचे सुटे भाग खोक्यांत भरून पाठवतो: पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर बसवायचं फायबरचं अंग, चाकं धरणारे दांडे, एक जाडजूड माहितीपुस्तक. बाकीचं आपण जमवायचं. इंजिन एका जुन्या हॅचबॅकचं आलं, कागदपत्रंही तिचीच. सुशांतनं आणि बाबांनी मुलुंडच्या या गाळ्यात सहा वर्षं रविवारमागून रविवार खर्चून ती जुळवली. दोन सीटा, दारं नाहीत, छत नाही, उंची माझ्या कमरेपर्यंत. शेजारच्या गाळ्यात पावडर कोटिंग करणारा नितेश तिला चप्पल म्हणायचा. "काय दादा, चप्पल निघाली का फिरायला?" सुशांत रागावत नसे. वजनाचं त्याला वेड होतं. आईचा स्वयंपाकघरातला काटा त्यानं गाळ्यात आणून ठेवला होता आणि प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक पट्टी त्यावर ठेवून बघायचा. पट्टीला भोकं पाडून बावीस ग्रॅम कमी केले की मला फोन करायचा. मी प्रयोगशाळेत असायचे, समोर कसलीतरी स्निग्धता मोजणं चाललेलं असायचं. "बावीस, ताई! बावीस!" मी म्हणायचे, "त्यापेक्षा वडापाव कमी कर." शेवटी सगळी गाडी पाचशे चाळीस किलोंची झाली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका शनिवारी, संध्याकाळी साडेपाचला, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर विक्रोळीच्या पुढं ती मधल्या लेनमध्ये बंद पडली. तिची ती पहिली लांबची फेरी. मागचे धोक्याचे दिवेही लागले नाहीत. सुशांत उतरला, काचेच्या चौकटीवर एक हात ठेवून तिला कडेला ढकलू लागला, आणि मागून टेम्पो आला. टेम्पोवाल्याला ती दिसलीच नाही असं तो पोलीस ठाण्यात म्हणाला, आणि ते खरं असावं. गाडी हलकी होती म्हणून ती नुसतीच पुढं ढकलली गेली. डाव्या चाकावरचं फायबर तडकलं, बस. सुशांत चव्वेचाळीस वर्षांचा होता.

नोव्हेंबरात पोलिसांनी गाडी परत दिली. टोचन करून ती गाळ्यात आणली त्या दिवशी बाबा मला म्हणाले, "माका फक्त कळाक होया. कोणाचा चुकला, ता." बाबा म्हणजे धोंडू मिस्त्री, विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं. तिथं शतांश मिलिमीटरची चूक ज्याची त्याच्या नावावर लिहिली जायची. गाडी आपोआप बंद पडली, नशीब, वेळ आली होती, असलं काही त्यांच्या जगात नव्हतं. प्रत्येक बिघाडामागं कोणाचा तरी हात असतो. आणि या गाडीला हात लागले होते दोघांचेच. सुशांतच्या हातावर त्यांचा विश्वास होता. म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताचा माग काढायला सुरुवात केली होती. पेट्रोलची टाकी त्यांनी वेल्ड केली होती. वेल्डिंगचा कचरा आत राहिला असणार, तो वाहत येऊन कार्बोरेटरच्या भोकात बसला असणार, असं त्यांनी ठरवलं होतं. ते हे एकदम कधी बोलले नाहीत. जेवताना मध्येच घास थांबायचा आणि म्हणायचे, "टाकीची खालची शिवण मी घाईत मारलंय." मग ताट तसंच. वेल्डिंगचा मुखवटा त्यांनी भंगारवाल्याला दिला. सोसायटीच्या बाकावर जाणं सोडलं, कारण तिथं माणसं विचारतात. माझं लग्न झालं नाही, आई गेली तेव्हापासून मी आणि ते दोघंच घरात. त्यामुळे ते किती कमी जेवतात हे बघणारी मी एकटी. डिसेंबरात त्यांचं वजन सहा किलोंनी उतरलं होतं. नव्या वर्षात मी वजन बघणं बंद केलं.

तेव्हा मी शोध घेत होते तो त्यांच्यासाठी. म्हणजे त्यांच्या हातून काही झालं नव्हतं हे दाखवण्यासाठी. उत्तर आधी ठरवून प्रयोग मांडू नये, हे मी प्रयोगशाळेतल्या नवीन मुलींना शिकवते.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दुसरं काही हलवायचं नाही. गाडी गाळ्यात जागेवरच चालू करून ठेवली की अकराव्या किंवा बाराव्या मिनिटाला बंद पडायची. पंधरा मिनिटं थंड झाली की पुन्हा चालू व्हायची, जणू काही झालंच नाही. घड्याळ लावून येणारा दोष हा चांगला दोष, तो सापडतो. पहिल्यांदा टाकी. मी ती उतरवून द्रावकानं धुतली आणि द्रावक गाळणकागदातून गाळला. कागद पांढराच्या पांढरा राहिला. तो वाळवून बाबांच्या हातात दिला. त्यांनी खिशातलं जुनं भिंग काढून कागदाचा इंचन्‌इंच बघितला आणि मला परत दिला. "परत एकदा धू." मी परत धुतली. दुसरा कागदही पांढरा. त्यांच्या बाजूचा पुरावा त्यांना पुरावा वाटत नव्हता. मग झाकणाचं हवेचं भोक, मग कार्बोरेटर, मग कॉइल, मग ठिणगी देणारी इलेक्ट्रॉनिक डबी. प्रत्येक रविवारी एक गोष्ट निर्दोष सुटायची आणि बाबा थोडे अजून वाकायचे, कारण टाकी सोडून जे जे निर्दोष सुटत होतं ते सुशांतचं काम होतं.

केबल गरम होती. मी बॉनेटला टेकून उभी राहिले. वीज जेवढी जाते तेवढी तिला परत यावं लागतं, हे शाळेतलं विज्ञान. साध्या मोटारीत परतीची वाट म्हणजे तिचं पत्र्याचं अंगच. या गाडीला पत्रा नाही, फायबर आहे, फायबरमधून काही परत येत नाही. इंजिन रबरावर बसलेलं, म्हणजे तेही सांगाड्यापासून तुटलेलं. म्हणून इंजिनपासून सांगाड्याला एक तांब्याची विणलेली पट्टी लावतात. ती नीट टेकली नाही तर वीज दुसरी वाट शोधते, आणि इंजिनला जोडलेली दुसरी धातूची वस्तू एकच, ॲक्सिलरेटरची केबल. बिचारी दोन मिलिमीटरची तार. इतका प्रवाह वाहून नेणं हे तिचं कामच नाही, म्हणून ती तापते. मला त्या तारेची दया आली. त्या आठवड्यात झोप कमी झाली होती, नाहीतर तारेची दया येत नाही.

"बाबा, तुम्ही नितेशकडे चहा पिऊन या ना. मला वेळ लागेल."

"तुका?"

"माझ्यासाठी आणा."

ते उठले. उठताना शटरच्या कडेला धरलं. मी पंधरा मिनिटं गाडी थंड होऊ दिली, मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला धरली, दुसरी इंजिनच्या ठोकळ्याला, आणि गाडी पुन्हा चालू केली. सुरुवातीला आकडा होता एक दशांशाच्या आत. चौथ्या मिनिटाला अर्धा व्होल्ट, आठव्याला दीड. हवा बाहेरून आत येत होती आणि तिच्यासोबत नितेशचा आवाज. "काका, बिस्कुट घ्या. चप्पलचा अंगठा तुटलाय, दुसरं काही नाय." दहाव्या मिनिटाला आकडा साडेतीन झाला, मग सरळ वर गेला आणि इंजिन थांबलं. आजवर बघितलेला सगळ्यात सुंदर आलेख, जर मी तो काढला असता तर.

तेरा नंबरचा पाना घेऊन मी उजव्या चाकामागं वाकले. पट्टीचं टोक, म्हणजे एक चपटं कडं, सांगाड्याला बोल्टनं आवळलेलं होतं, आणि दिव्यांच्या परतीच्या ताराही त्याच बोल्टवर आणलेल्या. म्हणून त्या संध्याकाळी दिवेही लागले नव्हते. बोल्ट ढिला नव्हता. मला दोन्ही हात लावावे लागले. तो सुटला, कडं बाजूला झालं, आणि खाली जिथं चकचकीत धातू असायला हवा होता तिथं रंग होता. गुळगुळीत, दोन हातांचा, नीट वाळलेला, मध्ये वॉशरचा गोल दाब उमटलेला. रेड ऑक्साइड, गंज रोखायला लावतात तो. पण बाजारातल्या डब्यातलं असतं तसं विटकरी नाही. जांभळट.

त्या रंगाला मी नापास केलं होतं. आमच्या रंगाच्या कंपनीत दोन वर्षांपूर्वी एक घाणा निघाला होता, छटा जांभळ्याकडे झुकलेली. बाकी सगळं उत्तम: चिकटपणा, जाडी, खाऱ्या फवाऱ्यात पाचशे तास. फक्त छटा चुकलेली. त्यातला एक लिटरचा नमुना मुदत संपल्यावर फेकायचा होता. बाबा कधीचे म्हणत होते की आताच्या रेड ऑक्साइडमध्ये काही राम नाही. मी तो डबा कापडी पिशवीतून घरी आणला. बाबांनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "ह्यो खरो रंग." या रंगाचा थर वीज किती अडवतो तेही मला पाठ आहे. आम्ही ते मोजतो. आमच्या माहितीपत्रकात तो गुण म्हणून छापलेला असतो.

सुशांतनं ती जागा खरवडून उघडी केली होती. रुपयाएवढी. नितेशनं चढवलेला काळा थर काढून आतलं पोलाद, जसं माहितीपुस्तकात दाखवतात तसं. आणि बाबांनी ते बघितलं. हे घडताना मी नव्हते, पण मला ते असं दिसतं की जणू होते. अपघाताच्या आधीचा रविवार. अपूर्वाला, त्याच्या मुलीला, ताप होता म्हणून सुशांत चारलाच घरी गेला. बाबा मागं राहिले, ते नेहमी राहायचे. हत्यारं पुसायची, जागेवर टांगायची, जमीन झाडायची. झाडताना ते वाकले असतील आणि कड्याच्या कडेनं त्यांना उघडं लोखंड चमकताना दिसलं असेल. उघडं लोखंड रात्रभर ठेवायचं नाही. हे त्यांच्या टूलरूमचं पहिलं शिक्षण. खाडीची हवा एका रात्रीत गंज चढवते, सकाळी सुपरवायझर बोट फिरवतो आणि बोटाला तांबूस लागतं. छत्तीस वर्षं ते पाळी सुटताना सगळ्या उघड्या पृष्ठांवर तेलाचा फडका फिरवूनच निघाले. घरी खिडक्यांचे गज दर दिवाळीला, बिजागऱ्या दर महिन्याला. मी लहानपणी गुडघा फोडून घरी आले की रक्त थांबायच्या आधी ते त्यावर खोबरेल थापायचे, आई ओरडायची, पण उघडं काही त्यांना बघवत नसे. त्यांनी बोल्ट काढला असेल, जागा थिनरनं पुसली असेल, पहिला हात, तास थांबून दुसरा हात, आणि पूर्ण वाळल्यावर, ते घाई करत नाहीत, बोल्ट पुन्हा बसवून शेवटपर्यंत आवळला असेल. बोल्टच्या आट्यांतून थोडी वीज जात राहिली, म्हणून गाडी चालू व्हायची. तापल्यावर तीही वाट बंद. त्या रविवारी गाळा बंद करून घरी जाताना बाबांना बरं वाटलं असेल. पोरानं राहू दिलेलं एक काम आपण पुरं केलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतंच. नळ बंद केला हे कुणी सांगत नाही. गेले चार महिने ते आठवून आठवून आपल्या हातून झालेल्या गोष्टी मोजत होते, टाकी, शिवण, क्लॅम्प, आणि ही गोष्ट त्या यादीत कधी आलीच नाही.

मला आठवतं, माझ्या हातात पॉलिश पेपर होता. तो कधी घेतला ते आठवत नाही. मी घासू लागले. जांभळट पूड बोटांच्या भेगांत बसली, चटका बसला होता तिथं झोंबली. आयुष्यात मी एकही नमुना अहवाल लिहिण्याआधी नष्ट केलेला नाही. खालून पोलाद वर आलं, मी फुंकर मारली, ओल्या फडक्यानं पुसलं, फडका खिशात कोंबला. कडं बसवलं. बोल्ट आवळला. तेवढ्यात शटरच्या उजेडात बाबांची सावली पडली, हातात काचेचा ग्लास, वर बशी झाकलेली, आणि बशी ग्लासावर किणकिणत होती.

"च्या घे. गावला काय?"

पुढचे काही क्षण मी जेवढा विचार केला तेवढा नोकरीतल्या कुठल्याही निर्णयावर केला नसेल, आणि तरी तो विचार नव्हता. नाही सापडलं म्हणावं, तर आता गाडी बंद पडणार नव्हती. ते तिथंच बसून मिनिटं मोजतील. गंज म्हणावं, तर गंज म्हणजे आपण झाकायला चुकलो असं ते धरतील. बोल्ट आपोआप सैल झाला म्हणावं, तर त्यांच्या लेखी बोल्ट आपोआप काही करत नाही. माझ्यावर घ्यावं, तर सुशांत असताना मी या गाडीला बोटही लावलं नव्हतं. डबा मात्र माझा होता. पण डबा म्हटलं की डब्यात बुडवलेला ब्रश आला. सगळ्या वाटा बंद केल्यावर एकच उरली. मेलेल्या माणसाला आता काही होत नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. हे विधान मी तपासून बघितलं नव्हतं.

"बोल्ट ढिला होता," मी म्हणाले.

"बोल्ट? खंयचो?"

"अर्थिंगचा. पट्टी नीट टेकत नव्हती. गाडी तापली की सुटायची."

त्यांनी ग्लास बॉनेटवर ठेवला. चहा हिंदकळून बशीत आला. "तेना आवळूक नाय?"

"अर्धवट आवळला होता."

"सुशांतान?"

"हो."

मी किल्ली फिरवली, कारण दुसरं काहीतरी आवाज करणारं हवं होतं. इंजिन लागलं. आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिलो. दहा मिनिटं. अकरा. बारा. तेराव्याला बाबांनी स्टूल पायानं बाजूला सारलं. विसाव्याला नितेश हात पुसत आला आणि ओरडला, "अरे, झकास! काका, चालली की चप्पल! एक राउंड मारा आता, पेढे आणतो मी!" मग आमचे चेहरे बघून तो परत गेला. पंचविसाव्या मिनिटाला मी किल्ली काढली. बाबांनी उघड्या पंजानं फायबरवर एक थप्पड मारली. मोठी नाही, जशी पाठीत मारतात तशी.

"गाढवाक शंभर येळा सांगलंय. पयलो बोटांनी, मगे मनगटान, मगे खांद्यान. शंभर येळा." आणि मग ते रडले. अंत्यविधीलाही रडले नव्हते. मी त्यांना धरलं. त्यांच्या शर्टाला माझ्या हाताची जांभळट पूड लागली आणि घरी गेल्यावर मी तो शर्ट आधी धुतला.

त्या दुपारी ते दोन चपात्या आणि वाटीभर सोलकढी जेवले. झोपले, दोन तास. त्यानंतरच्या आठवड्यांत वजनकाटा पुन्हा काढला, आकडा वर जात होता. मला हवं होतं ते मिळालं होतं. बाकावरही ते जाऊ लागले, आणि आता माणसांनी विचारलेलं त्यांना चालत होतं, कारण त्यांच्याकडे उत्तर होतं. मी बाजारातून येताना ऐकलं. "माझ्या झिलान बोल्ट आवळूक नाय. एक बोल्ट. तेरा नंबरचो." केस कापणाऱ्याला सांगितलं. पापलेट देणाऱ्या कोळणीला सांगितलं, ती म्हणाली, "असं नका बोलू बाबा, लेकराबद्दल," तर म्हणाले, "खरा ता खरा." गावाहून चुलतभाऊ आला त्याला सांगितलं. दर वेळी गोष्ट थोडी पुढं जायची. आधी एक बोल्ट. मग, त्याला नेहमीच घाई. मग, झील हुशार, पण हाताचो हलको. लहानपणी पतंगाची गाठही नीट मारत नसे. मी समोर बसून भाजी निवडत असायचे. सुशांत पतंग उडवत नसे, त्याला उन्हाचा त्रास व्हायचा. पण मी काही म्हटलं नाही, आणि काही दिवसांनी मला तो पतंग दिसू लागला, गच्चीवर, निळा, गाठीपाशी सुटलेला.

बोल्टबद्दल पकडलं जाण्यापेक्षा मला याची भीती जास्त वाटायला हवी होती. सुशांतचे हात मला माहीत होते. ते संथ होते. तो स्क्रू फिरवताना जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरायचा, आई त्यावरून चिडवायची. आता मी डोळे मिटून ते हात आणायला गेले की ते घाईत असायचे. मोजमापात असं होतं. उपकरण एकदा चुकीच्या मानकावर लावलं की पुढचं प्रत्येक वाचन तेवढंच सरकून येतं, आणि आतून ते कळत नाही. कळायला बाहेरची, न सरकलेली एक तरी वस्तू लागते.

एप्रिलात एका रविवारी संध्याकाळी प्रियंकानं मला बोलावलं. प्रियंका सुशांतची बायको, घाटकोपरला बँकेत, विक्रोळीत राहते. एकटीच ये म्हणाली. तिनं चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः उभीच राहिली.

"ताई, बाबा परवा अपूर्वासमोर बोलले. तुझ्या पप्पानं बोल्ट आवळला नाही, म्हणून."

"त्यांचं वय झालंय गं."

"वयाचं सोड. ती रात्रभर विचारत होती, पप्पा विसराळू होता का म्हणून. काय सांगू तिला?" तिनं ओट्यावरचा फडका उचलला आणि परत ठेवला. "मी बाबांशी भांडणार नाही. ते सावरले, मला दिसतंय ना. पण तो असं करणार नाही, यार. मी त्याच्याबरोबर चौदा वर्षं काढली. दार लावलं का हे बघायला दोन मजले परत चढणारा माणूस तो."

"माणसाकडून एखादं राहतं."

"ते मलाही कळतं. म्हणून तर तुला विचारतेय. तू बघितलंयस, आणि तू उगाच काही बोलणारी नाहीस." ती खुर्ची ओढून समोर बसली. "तो बोल्ट पूर्ण आवळला की त्याच्यावर पिवळ्या पेननं रेघ मारायचा. डोक्यावरून खाली सांगाड्यापर्यंत, एकच सरळ रेघ. म्हणजे बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मी हसायचे त्याला, पूजा करतोस का रे गाडीची म्हणायचे. एकही बोल्ट रेघेशिवाय सोडायचा नाही तो. फक्त एवढंच सांग मला. त्या बोल्टवर पिवळी रेघ होती?"

होती. पाना लावायच्या आधीच मला ती दिसली होती आणि मी तिचा अर्थ लावला नव्हता. बोल्टच्या डोक्यावर अर्धी, बारीक, पट्टीनं मारल्यासारखी. पुढं सांगाड्यावर तिचा उरलेला भाग असायला हवा होता, तिथं पुसलेलं होतं, आणि डोक्यावरची अर्धी रेघ भलत्याच दिशेला तोंड करून होती. त्यानं आवळला होता. पूर्ण आवळला होता, खूण केली होती, आणि नंतर कुणीतरी तो काढून पुन्हा बसवला होता. हो म्हटलं असतं तर प्रियंकाचा पुढचा प्रश्न एकच होता, आणि त्या गाळ्यात माणसं दोनच होती.

ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे कोरडे होते, हिशेबनीसाचे असतात तसे सरळ. आतल्या खोलीत अपूर्वा पाढे म्हणत होती, सतरा सक्कंपाशी अडकली, पुन्हा सुरुवातीपासून.

"नव्हती," मी म्हणाले.

प्रियंकानं मान हलवली. एकदा, मग जरा वेळानं पुन्हा. "नीट बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग राहिला असेल," ती म्हणाली. "मग राहिलाच असेल त्याच्याकडून."

आणि ती अपूर्वाला सतरा सक्कं सांगायला आत गेली.